खिडकीचा वाकलेला गज

जानेवारीचा दुसरा आठवडा. कारखान्याचं गाळप ऐन भरात होतं. मी लेखा विभागात आहे, ऊसबिलं काढणं हे माझं काम. दुपारी यार्डातून परत येताना बगॅसचा, म्हणजे पिळलेल्या उसाच्या भुशाचा कण डाव्या डोळ्यात गेला. टेबलाशी येऊन बसलो, रुमालानं डावा डोळा दाबून धरला आणि सहज समोरच्या खिडकीकडं बघितलं. त्या खिडकीला सहा उभे गज आहेत. त्यातला तिसरा मधोमध वाकलेला दिसला, कुणीतरी दोन्ही हातांनी धरून एका अंगाला ओढल्यासारखा. मी नजर चौथ्या गजावर नेली, तर तिसरा सरळ झाला आणि चौथा वाकला. ज्या गजाकडं बघावं तोच वाकत होता. आणि बरोबर नजर टेकते त्या जागी एक करडा गोल डाग होता, चुन्याच्या भिंतीवर पाणी उडून सुकल्यावर राहतो तसा.

रुमाल काढला, दोन्ही डोळ्यांनी बघितलं. सहाच्या सहा गज सरळ.

खरं तर डिसेंबरच्या मध्यापासून मला अंधुक दिसत होतं. पण ते एकाच डोळ्याला आहे, हे मला तोवर कळलंच नव्हतं. दोन डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं उणं भरून काढतो. नुसतं काहीतरी बिघडलंय एवढं जाणवायचं. चष्मा पुसला तरी काच धुरकट वाटायची. चहा ओतताना धार कपाच्या काठावर पडायची. रात्री घरी येताना समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला, की त्याच्या दिव्याचा झगमगाट गेल्यावरही बराच वेळ रस्ता नीट दिसायचा नाही.

त्याला कारणंही तयार होती. ऊस तुटून आल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याचं बिल द्यायचं, असा ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे. हंगामात ते १४ दिवस आमच्या मानगुटीवर बसलेले असतात. रात्री अकरा-साडेअकरापर्यंत संगणकापुढं, पहाटे पाचला परत जाग, झोप जेमतेम चार तास. वय ४३. ज्याला सांगावं तो म्हणायचा, "चाळिशी लागली, दुसरं काय." मलाही ते पटलं.

चष्म्याच्या दुकानात गेलो. त्यांनी मशीनवर डोळे तपासले, उजव्या डोळ्याला लांबचा अधिक पाऊणचा नंबर निघाला. ती काच लावून बघितलं तर खरंच थोडं उजळ दिसलं. बावीसशे रुपयांचा चष्मा केला. आठ दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी सगळ्यात आधी साखर तपासायला सांगितली. साखर फार वर-खाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर बदलल्यासारखं दिसतं. अनेकांना मधुमेह आहे हे अशा अंधुक दिसण्यावरूनच कळतं, असं ते म्हणाले. माझी साखर व्यवस्थित निघाली. रक्तदाब १३८/८८, म्हणजे सीमेवर. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितलं. तालुक्याच्या गावात एका दवाखान्यात दाखवलं. खूप गर्दी होती. डोळ्याचा पुढचा भाग मशीनमधून बघितला, पण बाहुली मोठी करून मागचा पडदा काही तपासला नाही. "संगणकावर जास्त बसता, कोरडेपणा आहे," म्हणाले आणि थेंब लिहून दिले. ते थेंब मी चार वेळा घालत होतो, तेव्हाच हा गज वाकला.

त्या डॉक्टरांनी पडदा बघायला हवा होता, असं मला आजही वाटतं. पण मी त्यांना काय सांगितलं होतं? "अंधुक दिसतंय." एवढंच. त्या एका शब्दात मोतीबिंदूही बसतो, साखरही बसते, कोरडेपणाही बसतो. रेघा वाकड्या दिसतात, हे मलाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिनं ताबडतोब तिच्या बहिणीला फोन लावला. मेव्हणी मिरजेत एका डोळ्यांच्या दवाखान्यात परिचारिका आहे. तिनं माझं "अंधुक" ऐकून घेतलंच नाही.

"दाजी, अंधुक म्हणजे काय ते नीट सांगा. आधी एक डोळा झाका, मग दुसरा. कुठल्या डोळ्यानं? अचानक झालं का हळूहळू? डोळा दुखतो का? इकडं-तिकडं फिरवताना कळ येते का? लाल झालाय? विजेसारख्या चमका, काळे ठिपके उडताना, कडेनं पडदा ओढल्यासारखं, असलं काही? एकाचं दोन दिसतंय का? बोलताना जीभ जड, तोंड वाकडं, हातापायाला बधिरपणा?"

मी एकेकाला नाही म्हणत गेलो. शेवटी म्हणालो, खिडकीचा गज वाकडा दिसतो आणि मध्ये डाग आहे. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे पडद्याचं काहीतरी आहे. उद्याच या. गाडी तुम्ही चालवायची नाही, बाहुली मोठी केल्यावर चार-पाच तास उजेड सोसत नाही."

ते प्रश्न तिनं का विचारले, हे नंतर तिच्याकडून समजून घेतलं. चमका, ठिपक्यांचा पाऊस आणि पडदा ओढल्यासारखं दिसलं, तर डोळ्याचा पडदा सुटत असण्याची शक्यता असते. तिथं दिवस नाही, तास मोजायचे. डोळा लाल, प्रचंड दुखतोय, उलटी होते आणि दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात, तर डोळ्यातला दाब एकदम चढलेला असू शकतो. तेही त्याच दिवशी. एका डोळ्याची नजर झपकन जाणं, किंवा नजरेबरोबर बोलणं आणि हातपाय बिघडणं, हे मेंदूच्या रक्तपुरवठ्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा चष्म्याच्या दुकानात नाही, मोठ्या रुग्णालयात धावायचं. डोळा फिरवताना कळ येत असेल आणि लाल रंग फिका पडला असेल, तर डोळ्यामागच्या नसेला सूज असू शकते. ही सगळी माणसं दवाखान्यात येऊन "अंधुक दिसतंय" एवढंच म्हणतात.

मिरजेच्या त्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी थेंब घालून डोळे मिटून बसलो. शेजारच्या बाकावरचे आजोबा मधुमेहाचे, पडद्याला आलेली सूज उतरायला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला आले होते, तिसरं. समोर एक कॉलेजचा मुलगा. ॲलर्जीमुळं डोळे सतत चोळायचा, त्यानं बुबुळ शंकूसारखं पुढं आलं होतं आणि दोन वर्षांत चार चष्मे बदलून झाले होते. एक बाई सांगत होत्या, वाकून उठलं की क्षणभर समोर अंधार येतो आणि डोकं सारखं ठणकतं. त्यांना आतून लगेच मेंदूचा एमआरआय करायला पाठवलं. आम्ही सगळे एकाच तक्रारीचे, आणि प्रत्येकाच्या डोळ्यात निराळंच काही चाललेलं.

तक्त्यावर माझा डावा डोळा ६/६ आला, म्हणजे नजर चांगली. उजव्यानं ६/१८ ची ओळ कशीबशी वाचली, त्यातही मधलं अक्षर गायब. डॉक्टर मॅडमनी चौकटींचा एक कागद हातात दिला. स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ मार्क ॲम्स्लर यांच्या नावानं तो ओळखला जातो. दहा सेंटिमीटरचा चौरस, त्यात पाच-पाच मिलिमीटरची घरं, मधोमध एक ठिपका. डावा डोळा झाकून ठिपक्याकडं बघायचं आणि जे दिसतं ते पेन्सिलीनं काढायचं. मी काढलं. ठिपक्याभोवतीच्या रेघा आत ओढल्यासारख्या झाल्या होत्या, घरं लहान झाली होती.

"उजव्या डोळ्यानं वस्तू थोड्या लहान दिसतात का?" मॅडमनी विचारलं.

मी एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. उजव्या डोळ्यानं तेच घड्याळ खरोखर लहान दिसत होतं, आणि त्याची पांढरी तबकडी पिवळट. महिनाभर हे माझ्या डोळ्यासमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं.

मग ओसीटी नावाचा स्कॅन झाला. हनुवटी टेकवायची, आतल्या खुणेकडं बघायचं, काही सेकंदांत काम संपतं. ना इंजेक्शन ना दुखणं. संगणकाच्या स्क्रीनवर माझ्या डोळ्याच्या मागच्या बाजूचा उभा छेद आला, मातीचे थर दिसावेत तसा. डाव्या डोळ्यात थर सपाट होते आणि मध्ये एक नाजूक खळगा. उजव्यात खळग्याच्या जागी टेकडी, आणि टेकडीच्या पोटात काळी पोकळी.

"हे पाणी," मॅडम म्हणाल्या. "भिंतीला मागून ओल आली की रंगाचा फुगा येतो ना, तसं पडद्याच्या मागं पाणी साठलंय. सेंट्रल सीरस कोरिओरेटिनोपॅथी म्हणतात. पडदा पुढं उचलला गेलाय, म्हणून तुम्हाला अधिकचा नंबर आला. त्या दुकानदाराच्या मशीननं बरोबर सांगितलं होतं, फक्त ते चष्म्याचं काम नव्हतं."

पडद्याच्या मागं रक्तवाहिन्यांचा एक थर असतो. त्याच्या आणि पडद्याच्या मध्ये पेशींची एक पातळ ओळ असते. मागचं पाणी पुढं येऊ न देणं आणि आलेलं उपसून टाकणं, हे तिचं काम. ती ओळ कुठंतरी हरली की पाणी झिरपतं. तिशी ते पन्नाशीच्या पुरुषांत हा आजार जास्त दिसतो. जागरण आणि ताण यांच्याशी त्याचा संबंध आढळतो, कारण ताणात शरीर कॉर्टिसॉल जास्त बनवतं. आणि कॉर्टिसॉल हे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड आहे.

"तुम्ही स्टिरॉइड घेता का?"

"नाही."

"दम्याचा पंप, नाकातला स्प्रे, गुडघ्यात इंजेक्शन, अंगदुखीची कुठली पुडी?"

"काहीच नाही." मी ठामपणे सांगितलं. स्टिरॉइड म्हणजे तालमीत पोरं शरीर कमवायला घेतात ते, एवढीच माझी समज होती.

पाणी नेमकं कुठून झिरपतंय ते बघायला हाताच्या शिरेत रंगाचं इंजेक्शन देऊन फोटो काढायचे ठरले. आधी ॲलर्जीची, मूत्रपिंडाची चौकशी झाली. हिरवट पिवळा रंग शिरेत गेला, अर्ध्या मिनिटात मळमळलं आणि लगेच थांबलं. कॅमेऱ्याचे निळे झोत डोळ्यावर पडत राहिले. त्या दिवशी लघवी गडद पिवळी-केशरी झाली, त्वचाही पिवळट दिसत होती. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही.

ते फोटो मॅडमनी एकापुढं एक दाखवले. आधी काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरा ठिपका. काही मिनिटांनंतरच्या फोटोत ठिपक्यातून एक बारीक रेघ वर चढलेली. त्यानंतरच्यात ती रेघ वर जाऊन दोन्ही बाजूंना पसरलेली. "याला आम्ही चिमणीच्या धुराचं चित्र म्हणतो," त्या म्हणाल्या. वारा पडलेला असला की आमच्या कारखान्याच्या चिमणीचा धूर अगदी असाच सरळ वर जातो आणि मग छत्रीसारखा फुटतो. वीस वर्षं मी तो रोज बघत आलोय. ते चित्र डोळ्यापुढून हलेना.

उपचार काय, तर वाट बघायची. बहुतेकांचं पाणी तीन-चार महिन्यांत आपोआप जिरतं. नाही जिरलं, तर लेझरचा विचार करता येतो. काही गोळ्या दिल्या जातात, पण त्यांचा ठोस फायदा दिसलेला नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. झोप पुरी करा, रक्तदाबावर लक्ष ठेवा, रोज हा चौकटींचा कागद बघा, महिन्यानं या. बायको म्हणाली, "अहो मॅडम, काहीतरी औषध द्या की." त्यावर त्या म्हणाल्या, "सूज उतरायचं म्हणून कुणी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, तर यात उलटं होतं. म्हणून मी पुन्हा विचारते. घरी गेल्यावर तुम्ही अंगाला लावता, नाकात घालता, पोटात घेता ते सगळं एका पिशवीत घाला आणि फोटो पाठवा. औषध वाटत नसेल तेही."

घरी येऊन आम्ही टेबलावर सगळं मांडलं. कोरडेपणाचे थेंब. रक्तदाबासाठी शेजाऱ्यांनी दिलेली चूर्णाची पुडी, न उघडलेली. डोकेदुखीचा बाम. पित्ताच्या गोळ्या. आणि बाथरूमच्या फळीवरची, शेवटापर्यंत गुंडाळत आणलेली एक ट्यूब.

ती नायट्याची. गेल्या जूनपासून कमरेला आणि जांघेत नायटा झाला होता. पावसाळा, घाम, दिवसभर खुर्चीवर बसणं. औषधाच्या दुकानात लाजत लाजत सांगितलं, त्यांनी काउंटरखालून ट्यूब काढून दिली. दोन दिवसांत खाज गेली. लावणं थांबवलं की आठवड्यात परत, आधीपेक्षा मोठं चकंदळ. म्हणून मी लावतच राहिलो, रोज दोनदा, सात महिने. महिन्याला दोन ट्यूब लागायच्या.

डाव्या डोळ्यानं ट्यूबवरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध, आणि त्यांच्या खाली: क्लोबेटासॉल प्रोपिओनेट ०.०५ टक्के. शेजारी छापलेलं होतं की नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय किरकोळ विक्री करू नये. फोटो पाठवला. दहा मिनिटांत मेव्हणीचा फोन आला. "दाजी, हेच ते. लावायच्या स्टिरॉइडमध्ये हे सगळ्यात कडक."

मी खोटं बोललो नव्हतो, पण माझं उत्तर चुकीचं होतं. मला कुणी "मलम लावता का?" असं विचारलं असतं, तर पहिल्या दिवशीच हो म्हणालो असतो.

मॅडमनी नंतर समजावलं की एकट्या मलमानंच झालं, असं छातीठोक सांगता येत नाही. जागरण होतं, हंगामाचा ताण होता, रक्तदाब सीमेवर होता. पण त्वचेवर लावलेलं स्टिरॉइड रक्तात उतरतं, जांघेसारख्या पातळ, घामट जागी जास्तच उतरतं, आणि अशा मलमानंतर हा आजार झालेले रुग्ण नोंदवले गेलेले आहेत. ते आता बंद करायचं, पण त्वचेच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं. पोटात घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळ्या कुणाला चालू असतील, तर त्यांनी घाबरून स्वतःहून एकदम थांबवणं धोक्याचं असतं, हेही त्यांनी बजावलं.

त्वचेच्या डॉक्टरांनी जांघेची कातडी दाखवली. कागदासारखी पातळ झाली होती आणि तिच्यावर बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे लालसर पट्टे उठले होते. स्टिरॉइडनं खाज दाबली जाते, बुरशी मात्र आत पसरत राहते. म्हणून तो नायटा कधी बरा झालाच नव्हता. सहा आठवडे फक्त बुरशीचं औषध घेतलं. पहिल्या दहा दिवसांत खाज इतकी उसळली, की रात्री उठून बसायचो. हात त्या फळीकडं जायचा. बायकोनं ट्यूब आधीच फेकून दिली होती.

यात आम्हाला सगळ्यात जास्त धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीनं. ट्यूब फेकली म्हटल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, मी ती तोंडाला लावत होतो. मुरमं जातात आणि रंग उजळतो." सोळा वर्षांचा पोरगा. त्याच्या वर्गातली आणखी चार मुलं-मुली लावत होती. त्याला दुसऱ्याच दिवशी त्वचेच्या डॉक्टरांकडं नेलं. त्या दुकानातही मी गेलो. भांडायला नाही गेलो, ओसीटीचा कागद काउंटरवर ठेवला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लोक नाव घेऊन मागतात हो." खरंही असेल. पण गावातल्या किती घरांत बाथरूमच्या फळीवर ती ट्यूब असेल, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

कारखान्यात साहेबांना रिपोर्ट दाखवला. रात्रीचं काम दोन सहकाऱ्यांनी वाटून घेतलं. त्यांचे उपकार आहेत. रात्री दहाला झोपायला लागलो. मोटारसायकल बंद केली. चौकटींचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि रोज सकाळी शर्ट काढताना, एक डोळा झाकून, हातभराहून जरा कमी अंतरावरून बघायचो. बायको शेजारी वही घेऊन उभी राहायची. "आज डाग केवढा?" पहिल्या दिवशी रुपयाएवढा. फेब्रुवारीच्या मध्यातही रुपयाएवढाच. त्या दिवसांत फार खचलो. हिशेबाच्या माणसाची नजर गेली तर उरलं काय, असं रात्री वाटायचं आणि मग झोप यायची नाही. आणि झोप आली नाही तर पाणी वाढेल, ही भीती निराळी.

पडद्याची मधली जाडी जानेवारीत ४८६ मायक्रॉन होती (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). फेब्रुवारीत ४६१. मॅडम म्हणाल्या, "उतरतंय." मला तो आकडा फारच बारका वाटला. मार्चअखेर ३३८ झाली. त्याआधीच एका सकाळी मी कागदाकडं बघत होतो आणि बायकोनं नेहमीसारखं विचारलं, "केवढा?" मी बोट आणि अंगठा जुळवून दाखवलं. हरभऱ्याएवढा. तिनं वही मिटली आणि आत निघून गेली.

मे महिन्यात आकडा २५१ वर आला. डाव्या डोळ्याचा २४७ आहे. काळी पोकळी गेली, खळगा परत दिसायला लागला. तक्त्यावर ६/६ ची ओळ वाचली, शेवटच्या अक्षराला अडखळून. अधिक पाऊणचा नंबर गेला, बावीसशेचा चष्मा खणात पडून आहे. पण रंग पूर्ण आले नाहीत. उजव्या डोळ्यानं झेंडू बघितला तर किंचित जुना वाटतो. मॅडम म्हणाल्या, काही लोकांत एवढं राहतं, आणि हा आजार परत येऊ शकतो, त्याच डोळ्यात किंवा दुसऱ्यात. तीन महिन्यांनी दाखवायला बोलावलंय.

कागद अजून कपाटाच्या दारावर आहे. आता मी दोन्ही डोळे आळीपाळीनं झाकून बघतो, आणि माझं झालं की बायको बघते. ऑफिसात खिडकीपाशी बसलो की हात आपोआप डाव्या डोळ्यावर जातो. तिसरा गज सरळ आहे. अगदी टक लावून बघितलं, तर मधोमध नखाएवढी जागा थोडी हलल्यासारखी वाटते. ती मी वहीत लिहून ठेवतो, तारीख घालून.